हातापायाचे मस (चामखीळ): बिबा, अ‍ॅसिड की तसेच सोडून द्यायचे?

धुऱ्यावरची
नमस्कार. आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, मुलगी अकरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुमारास तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या अगदी कडेला, खरखरीत पुटकुळीसारखं काहीतरी आलं. सुट्टीत ती माझ्यासोबत वेचणीला यायची, म्हणून वाटलं बोंडाचं टोक रुतलं असेल. आता त्या बोटावर तीन झालेत, शेजारच्या बोटावर दोन. बोट दाताने कुरतडायची सवय आहे, त्यामुळे की काय, ओठाच्या कोपऱ्यात पण एक बारीकसं दिसतंय. मिस्टरांच्या टाचेजवळ एक जुनं आहे. त्याला ते कुरूप म्हणतात आणि दाढीच्या ब्लेडने तासत बसतात.

घरात पक्ष पडलेत. सासूबाईंचा बिबा, मिस्टरांचं मेडिकलमधलं अ‍ॅसिड. गावातल्या दवाखान्यात म्हणाले मशीनने जाळून टाकू, ते ऐकूनच पोरीने भोकाड पसरलं.

हे कशाने होतं, धाकट्याला लागेल का (दोघं एकाच टॉवेलला हात पुसतात), आणि लेकराला कमीत कमी त्रास होईल असं काय करावं? शाळेत पोरी जवळ बसत नाहीत म्हणते, म्हणून जरा घाई आहे.

पऱ्हाटीवाला
बाकी काही करा, पण बिबा नोका लावू ताई. आमच्या शेजारच्या बुढीनं नातवाच्या टोंगळ्यावरच्या मसाले बिबा लावला होता. सुईले बिबा टोचला, दिव्यावर धरला, काळं तेल थेंब थेंब गयाले लागलं का सोडलं मसावर. मस रायला बाजूले, बिबा असा उतला का टोंगळ्यापासून पार पोटरीलोक फोड. पोट्ट्याले चालता ये नाई. डाग आजबी हाये अन् मसबी हाये.

सावजी_तिखट
म्हणजे मस सोडून सारं जळलं.

आठवडीबाजार
सासूबाईंना एकदम मोडीत काढू नका. आमच्या वडिलांच्या मानेवरचे आजीने बिब्यानेच काढले होते. हात बसलेला पाहिजे. आता तसा हात कोणाचा राहिला नाही, हे मान्य.

संत्राबर्फी
माझ्या मामेबहिणीच्या हातावर भरपूर होते. आजीने जेवढे मस तेवढे जाड्या मिठाचे खडे मोजून पुरचुंडीत बांधले आणि तिला मागे न बघता विहिरीत टाकायला लावले. मीठ विरघळलं की मस विरघळतो म्हणे. खरंच गेले! कोणी हसा नाहीतर काही करा, आमच्या डोळ्यासमोरची गोष्ट आहे.

पऱ्हाटीवाला
>>मागे न बघता विहिरीत
तुमच्या मामाच्या विहिरीचं पाणी खारं काऊन लागते, ते आता समजलं.

डॉ_कोरडवाहू
त्वचारोगाचा डॉक्टर आहे, यवतमाळकडे प्रॅक्टिस आहे. जरा सविस्तर लिहितो.

मस हा विषाणूने होतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. हातापायावर मस उठवणारे प्रकार वेगळे, इतर ठिकाणचे वेगळे. कातडीला बारीक चीर असली, ओरखडा असला की हा आत शिरतो. वेचणीत बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखाच्या कडा कशा फाटतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणजे बोंडावर घेतलेला तुमचा संशय अगदीच वाया गेलेला नाही. बोंडातून मस येत नाही, पण दार ते उघडून देतं. लागण झाल्यावर मस दिसायला महिने लागतात, त्यामुळे नेमका कोणाकडून आला हे शोधत बसू नका.

हा विषाणू कातडीच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात जात नाही. म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ता फार उशिरा लागतो. तोपर्यंत तो तिथल्या पेशी भराभर वाढवून टणक कातडीचा ढीग करतो, वरून फुलकोबीसारखा. एकदा पत्ता लागला की शरीर स्वतःच तो साफ करतं. शाळकरी मुलांमध्ये साधारण दोन तृतीयांश मस दोन वर्षांच्या आत आपोआप जातात. संत्राबर्फी, तुमच्या आजीच्या मिठाचं यश इथे आहे. होमिओपॅथीतल्या थुजाचं, मंत्राचं आणि आमच्या काही औषधांचंसुद्धा. जो शेवटी हात लावतो त्याला श्रेय मिळतं.

आता धुऱ्यावरची ताईंसाठी. नखाच्या कडेचा मस मशीनने जाळायची घाई करू नका. नखाच्या मुळाला धक्का लागला तर नख कायमचं वाकडं येऊ शकतं, आणि जाळताना बधिर करायचं इंजेक्शन बोटातच द्यावं लागतं, ते मुलांना जाळण्यापेक्षा जास्त लागतं. जाळूनही परत येतात ते निराळंच. बोटांवरच्या मसांना सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा पेंट, सुमारे १७ टक्क्यांचा, लॅक्टिक अ‍ॅसिडसोबत कोलोडियन नावाच्या, वाळून पापुद्रा धरणाऱ्या द्रावणात मिळतो. मिस्टर म्हणतात ते अ‍ॅसिड हेच असेल तर त्यांचा पक्ष बरोबर. संडास धुवायचं असेल तर सासूबाईंपेक्षा वाईट.

रात्री बोट कोमट पाण्यात पाचेक मिनिटं बुडवून ठेवा. मऊ झालेली पांढरी कातडी पायाच्या दगडाने किंवा नख घासायच्या पट्टीने हलकी घासा, रक्त येईपर्यंत नाही. ती पट्टी दुसऱ्या कोणी वापरायची नाही, चांगल्या कातडीवर पण नाही. बोट पुसून भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावा, मग काडीच्या टोकाने एकच थेंब बरोबर मसावर. वाळून पांढरा पापुद्रा धरेल. दुसऱ्या दिवशी तो काढून पुन्हा तेच. हे सलग बारा आठवडे करायचं असतं. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि औषध लागू पडलं नाही म्हणतात.

ओठाजवळच्याला हे अजिबात लावायचं नाही. चेहऱ्यावर घरचा कुठलाच प्रयोग नको, तो दाखवूनच घ्या. आणि बोट कुरतडणं थांबवा, बोटावरून ओठावर तसाच जातो.

मास्तर_तळेगाव
डॉक्टरसाहेब, उत्तम. थोडी भर घालतो. मस संसर्गाने होतो हे १९०७ साली चुफो नावाच्या इटालियन डॉक्टराने दाखवलं. मसाचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जिवाणूसुद्धा अडकतील, आणि तो टोचल्यावरही मस उठले. पुढे याच घराण्यातल्या विषाणूंमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो हे दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

आमच्या शाळेत एका मुलाच्या हाताला मस झाले तेव्हा पालकांनी त्याला खिचडीच्या पंगतीतून उठवायची मागणी केली होती. मी नाही म्हटलं. जवळ बसल्याने काही होत नाही ना?

डॉ_कोरडवाहू
जवळ बसल्याने, एका पंगतीत जेवल्याने काही होत नाही. टॉवेल, वस्तरा, नेलकटर वेगळं ठेवलं की घरात पुरे. पंगतीतून उठवायचं काहीच कारण नाही, तुम्ही बरोबर केलंत.

झाडीपट्टीचा
आमच्या इकडे रोवणीच्या दिवसात बायांचे पाय दिवसभर धानाच्या बांधीत, चिखलात असतात जी. चिखल्या होतेत, टाचा फाटतेत, आणि त्यातच तळपायाला हे होते. सगळे याला कुरूपच म्हणतेत. ओळखायचं कसं?

डॉ_कोरडवाहू
चांगला प्रश्न, आणि धुऱ्यावरची ताईंच्या मिस्टरांसाठी पण हेच उत्तर.

वरची टणक कातडी थोडी घासून बघा. पायाच्या तळव्याला बारीक रेषा असतात. कुरपावरून त्या तशाच पुढे जातात, मसापाशी येऊन तुटतात. मसात काळे ठिपके दिसतात. लोक त्याला मूळ म्हणतात, बी म्हणतात, आणि ते काढायला सुईने कोरतात. ते मूळ नाही, बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त आहे. मसाला मूळ नसतंच. तिसरी खूण, कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं, मस दोन बाजूंनी चिमटीत धरला की.

ब्लेड ताबडतोब बंद. तासलेलं प्रत्येक कापटं विषाणूने भरलेलं असतं आणि त्याच ब्लेडने दाढी केली तर गालावर चपटे मस रांगेने उठतात. मेडिकलमधली कॉर्नकॅप पण सॅलिसिलिक अ‍ॅसिडचीच असते, पण मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल तर ती किंवा पेंट स्वतःच्या मनाने लावायचा नाही. कळत नाही आणि खाली जखम होऊन बसते.

तर्री_पोहे
रांगेने उठतात हे खरं आहे. आमच्या गावच्या सलूनमध्ये वर्षानुवर्षं एकच वस्तरा होता. माझ्या डाव्या गालावर वस्तरा फिरायच्या दिशेनेच बारीक बारीक मस आले. दाढी वाढवली तेव्हा गेले. बायकोला वाटतं फॅशन म्हणून वाढवली, अजून सांगितलं नाही.

सावजी_तिखट
आता सांगतलं ना बाप्पा, साऱ्या महाराष्ट्राले.

पुण्यातला_वऱ्हाडी
इथे स्किनवाल्यांकडे लिक्विड नायट्रोजनने गोठवून काढतात. दोन मिनिटांचं काम. तिकडे खेड्यात ही सोय नाही हीच अडचण आहे.

पऱ्हाटीवाला
कोण म्हणते नाई? गाईले भरवाले येते तो कृत्रिम रेतनवाला, त्याच्या फटफटीले नायट्रोजनचा जार बांधला असते ना भाऊ. झाकण उघडलं का धूर निंगते. पोरीले त्याच्याच जवळ बसवा!

गोठ्यावरचा_डॉक्टर
पशुवैद्यक इथे हजर आहे, म्हणून हे हसण्यावारी नेण्याआधी सांगतो. नायट्रोजन तोच, उणे १९६ अंशाचा, आमच्या जारमध्ये वीर्याच्या कांड्या ठेवायला असतो. पण बोट त्यात घालायची किंवा कापसाने लावून घ्यायची कल्पना कोणी खरंच करू नका. मला विचारणारे भेटले आहेत. किती सेकंद धरायचं, किती खोल गोठवायचं हे ज्याला येतं त्यानेच करायचं. नाहीतर बोटाची नस आणि हाड दोन्ही गोठतं.

डॉ_कोरडवाहू
अगदी. शिवाय गोठवणं दोन मिनिटांचं असलं तरी दर दोन-तीन आठवड्यांनी परत जावं लागतं, फोड येतो, ठणकतं. लहान मुलांना मी सहसा नाही करत. आणि कोक्रेन या उपचारांचे अभ्यास तपासणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा सॅलिसिलिक अ‍ॅसिड नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा बरं ठरलं, गोठवण्याचा तसा ठोस फायदा दिसला नाही. महागडं ते चांगलं हा हिशोब इथे जमत नाही. खेड्यात राहून तुम्ही काही गमावत नाही आहात.

मायबाईची_गाय
गाईंचा विषय निघालाच आहे तर. आमच्या कालवडीच्या मानेवर आणि तोंडाशी ढिगाने मस आलेत. शेजारी म्हणतात लंपी आहे, बाजूला बांधा. तिचं पोरांना लागेल का?

गोठ्यावरचा_डॉक्टर
लंपीच्या गाठी कातडीच्या आत गोल, टणक, सगळ्या अंगभर, आणि सोबत ताप, नाकाडोळ्यातून पाणी, पाय सुजणं. २०२२ मध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही सांगता ते वर उगवलेले, खरखरीत, लोंबणारे असतील तर तो जनावरांचा पॅपिलोमा. दोन वर्षांखालच्या वासरांना जास्त होतो आणि बहुतेकांचा काही महिन्यांत झडतो. माणसाच्या हाताला जे मस येतात ते यातून येत नाहीत, हा विषाणू वेगळा. पण एका वासराचा दुसऱ्याला होतो. दावं, मोरकी, गोठ्याचा घासणारा खुंट, एकच सुई, या वाटांनी. सडावर आले तर दूध काढताना रक्त निघतं, तेव्हा मात्र बोलवा. दोऱ्याने आवळून किंवा विळ्याने कापू नका. माश्या बसून किडे पडतात.

फोटो टाका, तोपर्यंत शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वेगळी बांधलीत तरी बिघडत नाही.

अपामार्ग
आयुर्वेदात याला चर्मकील म्हटलंय आणि क्षारकर्म सांगितलंय. आपल्या धुऱ्यावर उगवणाऱ्या आघाड्याचा क्षार त्यासाठी वापरतात. तो वैद्याने लावायचा असतो. घरी चुना आणि पापडखार कालवून लावणारे लोक क्षारकर्म करत नाहीत, कातडी जाळतात.

थुजावाली
माझ्या मुलाचे थुजाने गेले. तीन महिने गोळ्या, एकही डाग नाही. डॉक्टर वर म्हणतात आपोआप गेले. मग आधी वर्षभर का नाही गेले आपोआप?

डॉ_कोरडवाहू
कारण वर्षभर शरीराला पत्ता नव्हता. थुजाताई, मी तुमच्याशी भांडत नाही. गोळ्यांनी नुकसान तर झालं नाही. पण ज्यांचे थुजा घेऊनही गेले नाहीत ते इथे येऊन लिहीत नाहीत.

थुजावाली
ज्यांचे तुमच्या पेंटने गेले नाहीत ते तरी कुठे लिहितात?

डॉ_कोरडवाहू
हा मुद्दा मान्य.

काळी_टेप
चिकटपट्टीचं कोणीच कसं बोललं नाही. मोटारीच्या वायरिंगची काळी टेप आठवडाभर मसावर, मग काढून घासायचं, परत टेप.

डॉ_कोरडवाहू
२००२ साली एका अभ्यासात त्याचा निकाल फार चांगला आला आणि जगभर टेपचं वेड लागलं. २००६ ला नेदरलँड्समधल्या शाळकरी मुलांवर, पुढे २००७ ला मोठ्यांवर करून पाहिलं तेव्हा फारसा फरक नाही. पण पेंट लावल्यावर वरून टेप चिकटवली तर औषध आत टिकतं आणि पोरीला बोट कुरतडताही येत नाही. ताई, तुमच्याकडे हे कामाला येईल.

अंगणवाडीची_बाई
एक विचारायचं होतं. आमच्या केंद्रातल्या बारक्याला पोटावर आणि काखेत मोत्यासारखे पांढरट चमकणारे दाणे आलेत. त्यांच्या मध्ये खड्डा आहे. मसच का?

डॉ_कोरडवाहू
मधला खड्डा सांगितलात म्हणून जवळपास नक्की, तो मोलस्कम. वेगळाच विषाणू, देवीच्या घराण्यातला पण निरुपद्रवी. त्याला १७ टक्क्यांचा पेंट लावू नका, काखेत तर मुळीच नाही. फोडू नका, दाखवून घ्या. हाही बहुतेक वेळा आपला आपण जातो.

वावरातली_लेक
नाव बदलून लिहिते आहे. हे खाली, नाजूक जागी आले तर? आमच्याकडे बायका लाजेने कोणाला सांगत नाहीत, बायाबायांतच चुना लावून घेतात.

डॉ_कोरडवाहू
तिथे घरचं काहीही लावू नका, पेंट सुद्धा नाही. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोग डॉक्टर नाहीतर जिल्ह्याला त्वचारोग विभागात दाखवा, जोडीदारालाही तपासावं लागतं. ते सहसा एचपीव्हीच्या ६ आणि ११ प्रकाराने होतात. कॅन्सर करणारे मुख्य प्रकार १६ आणि १८. त्यामुळे मस आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पण गर्भाशयमुखाची तपासणी त्या निमित्ताने करून घ्या. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हावॅक लस २०२३ मध्ये आली, ती या चारही प्रकारांपासून वाचवते. मुलींना लहान वयात द्यायची लस आहे ती. हातावरच्या मसांसाठी नाही, तेवढं लक्षात असू द्या.

आठवडीबाजार
म्हातारपणी नवीन आला तर? वडिलांच्या कानामागे एक आलाय. खपली धरते, पडते, रक्त येतं.

डॉ_कोरडवाहू
तो मस समजून चालूच नका. साठीनंतर नवीन उठलेलं, रक्त येणारं, न भरणारं, रंग बदलणारं काहीही या आठवड्यात दाखवा. बिबा नाही, पेंट नाही.

धुऱ्यावरची
सगळ्यांचे आभार. उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन दवाखान्यावर, त्वचारोग डॉक्टरांशी जोडून दिलं, फोटो पाठवले. बोटांना तुम्ही सांगितला तोच पेंट लिहून दिला. ओठाचा बघायला सेवाग्रामला जायचं ठरलंय. मिस्टरांची टाच घासून पाहिली तर काळे ठिपके निघाले, रेषाही तुटलेल्या आहेत. ब्लेड मी चुलीत घातलं. सासूबाईंना आठवडीबाजार यांचं वाक्य वाचून दाखवलं, तसा हात कोणाचा राहिला नाही ते, तर त्या म्हणाल्या माझा आहे ना.

दोन शंका. बोटाची कातडी पांढरी पडून सोलतेय आणि थोडी चुरचुरते, हे बरोबर आहे का? आणि बाटलीतलं औषध इतक्यात घट्ट का झालं?

पऱ्हाटीवाला
सासूबाई जिंदाबाद.

डॉ_कोरडवाहू
पांढरी पडणं, सोलणं बरोबर. लाल होऊन ठणकलं, पाणी सुटलं तर तीन-चार दिवस थांबा, मग पुन्हा सुरू करा, भोवती व्हॅसलीन जास्त लावा. घट्ट झालं कारण कोलोडियनमधलं ईथर उडून जातं. थेंब घेतला की लगेच झाकण घट्ट लावा. आणि बाटली चुलीजवळ, गॅसच्या ओट्यावर किंवा देवघरातल्या दिव्यापाशी ठेवू नका, ते चटकन पेट घेतं.